उष्टं वाचणारी मावशी

प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला एक बुटकी, लांबलचक इमारत लागते. बघायला येणाऱ्यांना ती दिसू नये म्हणून पुढे दाट झुडपांची भिंत वाढवली आहे. वाघ बघायला शेकड्यांनी माणसं येतात, पण वाघाचं जेवण कुठे तयार होतं हे विचारायला कधी कुणी आलेलं नाही. त्या इमारतीत मावशीने चोवीस वर्षं काढली.

मावशी म्हणजे प्राण्यांच्या स्वयंपाकघराची मुख्य. स्वयंपाकघर म्हटलं तरी तिथे शिजायचं कमी आणि चिरलं जायचं जास्त. स्टीलची दोन लांब टेबलं, तीन हौदाएवढ्या मोऱ्या, छताला टांगलेला वजनकाटा, आणि भिंतीलगत ओळीने उभ्या बावन्न बादल्या. प्रत्येक बादलीवर रंगाची खूण. अस्वलाला तपकिरी पट्टा, पोपटांना हिरवा ठिपका, साळिंदराला पांढरी फुली. सकाळी सहाला दिवा लागायचा आणि साडेआठच्या आत बावन्नच्या बावन्न बादल्या भरून गाड्यांवर चढलेल्या असायच्या. एक दिवस उशीर झाला की माकडांच्या पिंजऱ्यातून जो आरडाओरडा सुरू व्हायचा, तो थेट साहेबांच्या खोलीत ऐकू जायचा. मावशीच्या चोवीस वर्षांत तो दोनदाच ऐकू गेला. एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून आणि एकदा तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा.

ती इथे आली ती काही प्राण्यांच्या ओढीने नव्हे. त्याआधी अकरा वर्षं ती एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. पुढे इस्पितळाने जेवण बाहेरच्या ठेकेदाराकडे दिलं आणि तिथल्या बायकांना जिथे जागा मिळेल तिथे पाठवून दिलं. मावशीच्या वाट्याला प्राणिसंग्रहालय आलं. तिचा नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा, आणि बोलायला तो मिक्सरपेक्षा जोरात. बदलीचा कागद वाचून तो म्हणाला, "माणसं संपली वाटतं! आता माकडांना जेवायला वाढा." मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मुकाट्याने डबा भरून कामावर हजर झाली.

इस्पितळात तिला एक सवय लागली होती. वॉर्डातून परत आलेली ताटं धुवायला टाकण्याआधी ती एकदा बघून घ्यायची. कुणी काय ठेवलं, कुणी नुसतंच चिवडलं, कुणी ताटाच्या झाकणाखाली घास लपवले. घरी लवकर सोडावं म्हणून पुष्कळ पेशंट जेवल्याचं सोंग करतात, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. नर्सच्या कागदावर 'जेवण घेतले' असं असायचं, आणि मावशी सांगायची, "छे हो, आठ नंबरच्या आजोबांनी तीन दिवसांत एक घास खाल्लेला नाही." बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

इथे तिला पहिल्याच आठवड्यात खटकलं ते हे, की बादल्या परत यायच्या त्या स्वच्छ धुऊन. राखणदार आपापल्या पिंजऱ्याजवळच्या नळावर उरलंसुरलं गटारात ओतायचे आणि बादली विसळून पाठवायचे. मावशीने फर्मान काढलं, "यापुढे बादल्या धुवायच्या नाहीत. आहेत तशा, उष्ट्यासकट परत यायला हव्यात."

मग काय विचारता! राखणदारांच्या कपाळावर आठ्या चढल्या. उष्ट्याने भरलेल्या बादल्या भर उन्हात ढकलत आणायच्या म्हणजे काय चेष्टा आहे? एकाने तर तोंडावरच विचारलं, "मावशी, उष्टं घेऊन करायचंय तरी काय तुम्हाला?"

"वाचायचंय," मावशी म्हणाली.

तेव्हापासून 'उष्टं वाचणारी मावशी' हे नाव पडलं. आधी ते हसण्यावारी होतं. ते हसणं थांबलं साळिंदरामुळे.

साळिंदराची एक जोडी होती. दिवसभर बिळात दडी मारून बसायची, त्यामुळे राखणदारालाही त्यांचं दर्शन क्वचितच व्हायचं. एके सकाळी मावशीने पांढऱ्या फुलीच्या बादलीतले भोपळ्याचे उरलेले तुकडे टेबलावर मांडले आणि राखणदाराला बोलावलं. "मादी कुठाय रे?"

"बिळात. कुठे जाणार?"

"खाणारा एकच आहे. मादीच्या पुढच्या दाताचा कपचा उडालाय, तिने कुरतडलं की मधे एक रेघ उठून राहते. काल रेघ नाही, आजही नाही. बघ जाऊन."

राखणदाराने बॅटरी घेऊन बिळात डोकावलं, तर आत मादी, आणि तिच्या पोटाशी मुठीएवढी दोन पिल्लं. मादी व्याली आहे याचा कुणाला पत्ताच नव्हता. तेव्हाचे जुने डॉक्टर चांगले होते, पण मावशीला तोवर "तुम्ही कोबी चिरा, औषधाचं मी बघतो," असं म्हणून वाटेला लावायचे. त्या दिवशी ते स्वतः स्वयंपाकघरात आले, भोपळ्याचा तुकडा उजेडात धरून बघितला आणि तडक बिळाकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रोजची फेरी स्वयंपाकघरापासून सुरू होऊ लागली.

मावशीचा आणखी एक नेम होता. मांस आणि मासळी सोडली तर जे जे बादलीत जायचं त्यातलं थोडं ती आधी स्वतः खाऊन बघायची. एकदा कोबीचा अख्खा टेम्पो तिने दारातून परत पाठवला. टेम्पोवाला हुज्जत घालायला लागला, "अहो, जनावरांनाच तर घालायचाय!" मावशीने एक पान तोडून त्याच्यापुढे धरलं. "खा." त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. फवारणीच्या औषधाचा भपकारा येत होता. "तू खात नाहीस, मी खात नाही, मग त्यांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिने फाटक लावून घेतलं. त्या दिवशी साठेक जनावरांचं संध्याकाळचं जेवण नव्याने जुळवताना तिच्या नाकी नऊ आले, पण बादल्या वेळेवर गाड्यांवर चढल्या.

अशी पंधराएक वर्षं गेली. जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली. हुशार, चटपटीत, आणि ऐकून घेणारी. पहिल्याच दिवशी तिने मावशीला म्हटलं, "मावशी, जुन्या डॉक्टरांनी जाताना मला दोनच गोष्टी सांगितल्या. पाणघोड्याकडे पाठ करू नकोस आणि मावशीचं म्हणणं टाळू नकोस."

त्याच वर्षी अस्वलाचं प्रकरण झालं.

अस्वलाची मादी चांगली वयस्कर होती. खंदकाच्या कडेच्या खडकावर बसून ती येणाऱ्याजाणाऱ्यांकडे अशी बघायची, की जणू उशिरा आलेली पोरं दारात उभी आहेत आणि आता छडी निघणार. म्हणून तिला सगळे हेडबाई म्हणायचे. तिला सांभाळणारा अस्वलदादा तिच्याहून अबोल. वय पंचावन्नच्या पुढे, एकटा जीव. अठरा वर्षं एकाच खंदकावर काढलेली. हेडबाईसमोर मात्र त्याचं तोंड अखंड चालू. कुणी जवळ आलं की गप्प.

तपकिरी पट्ट्याच्या बादलीत रोज गाजरं, सफरचंदं, उकडलेली अंडी, पाव, मक्याची कणसं जायची. हेडबाई बादली चाटूनपुसून लख्ख करायची. तिच्या लाळेने बादली आतून चिकट होऊन परत यायची, आणि ती धुताना मावशीच्या हाताखालची बाई रोज नाक मुरडायची.

एका सोमवारी तीच बाई म्हणाली, "मावशी, आज अस्वलाची बादली धुवायलाच नको. कशी कोरडी ठणठणीत आलीय!"

मावशीने बादली हातात घेतली, आत बोटं फिरवली. खरंच कोरडी. तळाशी एक कण नाही, पण चिकटपणाही नाही. मंगळवारी पुन्हा कोरडी. बुधवारीही कोरडी. इतकंच नव्हे, शेजारच्या रानडुकरांची बादली तीन दिवस जवळजवळ भरलेली परत येत होती. रानडुकरांना भूक नाही, हे मावशीच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. त्यांना दुसरीकडून खायला मिळत होतं.

आता तिला सरळ डॉक्टरीणबाईंकडे जाता आलं असतं. साहेबांच्या कानावर घालता आलं असतं. पण मग अस्वलदादावर ठपका आला असता, आणि हा माणूस हेडबाईचं वाईट चिंतील यावर तिचा विश्वास बसेना. डब्याच्या सुट्टीत ती आपला डबा घेऊन खंदकामागच्या त्याच्या खोलीत गेली. एक स्टूल, एक खाट, भिंतीला टांगलेली झाडणी. दादा पाव हातात धरून बसला होता, खात नव्हता.

"दादा, हेडबाई किती दिवस झाले खात नाहीये?"

"खाते की. बादली रिकामी गेली ना?"

"रिकामी आली. चाटलेली नाही आली."

दादाने पाव खाली ठेवला. तो म्हणाला, "नऊ दिवस झाले. आधी निदान थोडं खायची, बादली चाटायची; सोमवारपासून तेही बंद. अंडी, भिजवलेला पाव घेते थोडा. गाजर तोंडात धरते नि टाकून देते. मान अशी वाकडी करून बसते."

"मग सांगितलं का नाहीत? डुकरांना का घालत बसलात?"

"सांगितलं की सुई देतील," दादा म्हणाला. "बाई, तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. हिच्या जोडीदाराला असंच झालं होतं. पंजाला जखम होती. भूल दिली. मीच त्याला हाक मारून जाळीपाशी आणला होता. माझ्या हाकेवर आला तो. आणि मग उठलाच नाही. हिला पुन्हा हाक मारून आणू? मला नाही जमायचं ते."

हा माणूस नऊ दिवस काय गिळून बसला होता! तिने आपला डबा उघडला, अर्धा त्याच्यापुढे सरकवला. "आधी जेवा. मग मला ती गाजरं दाखवा."

टाकलेली गाजरं दादाने कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवली होती. डुकरांना घालायला काढलेली, आजची. मावशीने एकेक उचलून बघितलं. सगळ्यांवर दातांच्या खुणा होत्या, पण एकाच बाजूच्या. दुसऱ्या बाजूला नुसतं ओलसर सालटं. दोन गाजरांवर पिवळट, वास मारणारा डाग होता.

"दाढ आहे, दादा. माझ्या सासूबाईंची अशीच झाली होती. पुवाने गाल भरला होता आणि 'काही नाही गं' म्हणत बसल्या. शेवटी ताप डोक्यात गेला." ती थांबली. "न खाता किती दिवस निघतील हिचे? सुईची भीती तुम्हाला आहे, तिला नाही. तिला नुसतं दुखतंय."

दादाने एक गाजर उचलून त्यावरची खूण बोटाने चाचपली.

"मी डॉक्टरीणबाईंकडे गाजरं घेऊन जाते," मावशी म्हणाली. "डुकरांचं मी सांगणार नाही. ते सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. पण तुम्ही बरोबर यायचं. मी एकटी नाही जाणार."

दादा आला. तिथे पोचल्यावर मावशीच्या अपेक्षेबाहेरची गोष्ट झाली. तिने गाजरं टेबलावर ठेवायच्या आतच दादाने सगळं सांगून टाकलं. नऊ दिवस, डुकरं, जोडीदार, सगळं. डॉक्टरीणबाईने त्याला मधे तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ती कपाटातून एक जुनी फाइल घेऊन आली. "मी आल्या आल्या वाचली होती ही. त्याच्या फुफ्फुसांना आधीपासून सूज होती, दादा. कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या हाकेचा त्यात काही दोष नाही." मग तिने एक खुर्ची पुढे ओढली. "आता नीट ऐका. आधी रक्त तपासू. भूल हलकी देऊ. ती उतरवायचं औषध माझ्या हातात तयार असेल. काहीच होणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण दाढ तशीच ठेवली तर काय होईल ते सांगू शकते. आणि तुम्ही बाहेर बसायचं नाही. तिच्या छातीवर तुमचा हात हवा. श्वास तुम्ही मोजायचे."

"मी?" दादा म्हणाला.

"तिचा श्वास तुमच्याइतका कुणाला ओळखू येणार?"

दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी नऊला दाढ काढायचं ठरलं. मावशीला कुणीतरी विचारलं, "येणार ना बघायला?" तर ती म्हणाली, "आणि बाकीच्यांना उपाशी ठेवू?" ती सुरी घेऊन टेबलाशी उभी राहिली ती हलली नाही. पोपटांची संध्याकाळची सफरचंदं चिरता चिरता एवढी बारीक करून टाकली की हाताखालची बाई म्हणाली, "मावशी, ही पोपटांना आहेत का मुंग्यांना?" मावशीने खाली बघितलं आणि तिलाच हसू आलं.

अकराला निरोप आला. दाढ निघाली, मुळाशी पुरती सडलेली होती. भूल उतरवायचं औषध दिलंय, पण हेडबाई अजून जागी होत नाही.

तेव्हा मात्र मावशीने सुरी ठेवली. खंदकामागच्या खोल्यांपाशी पोचेपर्यंत तिला धाप लागली. सगळे जाळीबाहेर येऊन उभे होते. आत गवतावर हेडबाई काळ्या ढिगासारखी पडलेली. डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, ती नुसती घड्याळ बघत होती. अस्वलदादा जाळीला टेकून गुडघ्यांवर बसला होता. त्याचे ओठ हलत होते. अजून श्वासच मोजत होता तो.

"दादा, हाक मारा," मावशी हळूच म्हणाली.

त्याने मान हलवली. नाही.

"मारा हो. तिला तुमचीच हाक कळते."

दादाने दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अहो हेडबाई... उठा. शाळा भरली. पोरं येऊन बसली. उठा बघू."

काही नाही. पुन्हा म्हणाला. इतक्या माणसांसमोर तो कधी एवढं बोलला नव्हता. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा हेडबाईचा कान हलला. मग नाकपुडी. मग तिने जीभ बाहेर काढली, रिकाम्या जागेवरून फिरवली आणि सगळ्यांकडे असं काही नाराजीने बघितलं की डॉक्टरीणबाई फसकन हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. दादाचं कपाळ जाळीवर टेकलं होतं. मावशीच्या जिवात जीव आला. ती परत फिरली, कारण पोपटांची संध्याकाळची बादली अजून भरायची होती.

पहिले पाच दिवस हेडबाईसाठी उकडलेला भोपळा आणि अंडं कुस्करून मऊ करून जात होतं, आणि ते मावशी दुसऱ्या कुणाला करू देत नव्हती. सहाव्या दिवशी हेडबाईने बादलीच पंजाने ओढून आत घेतली आणि चावून तिचा काठ वाकडा केला. दादा ती बादली डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात आला. हसणारा अस्वलदादा तिथल्या बायकांनी पहिल्यांदाच बघितला.

डुकरांची गोष्ट डॉक्टरीणबाईने स्वतःच साहेबांना सांगितली आणि वर म्हणाली, "शिक्षा करायची असेल तर आपल्या सगळ्यांना करा. त्याला भीती वाटत होती आणि ती विचारायला कुणी गेलं नाही." साहेब समजूतदार निघाले. त्यांनी एकच नियम केला. प्रत्येक पिंजऱ्याचं उष्टं रोज स्वयंपाकघरात यायचं आणि डॉक्टरांनी मावशीबरोबर ते बघायचं. म्हणजे मावशी इतकी वर्षं जे भांडून करत होती, ते आता सरकारी शिक्क्यानिशी सुरू झालं. दुसऱ्या शहरांतल्या प्राणिसंग्रहालयांतून माणसं शिकायला यायला लागली. वह्या-पेनं घेऊन टेबलाभोवती उभी राहायची आणि मावशी त्यांच्यापुढे चावलेला मका ठेवून विचारायची, "सांगा, कुणी खाल्लाय? म्हातारा का तरुण?" घरी तिचा नवरा शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगायचा, "आमच्या हिला डॉक्टर लोक शिकायला येतात," आणि जेवताना मात्र पानात काही राहिलं की हळूच झाकायचा. "घरी तरी वाचू नकोस गं," म्हणायचा.

हेडबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. अस्वलदादा तिच्याआधी निवृत्त झाला, पण रोज सकाळी तिकीट काढून यायचा आणि खडकासमोरच्या बाकावर बसायचा. आठवड्याभराने साहेबांनी तिकीटवाल्याला सांगून ठेवलं, यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. एका थंड पहाटे ती झोपेतच गेली तेव्हा त्याला कळवायला मावशीच गेली होती. तो म्हणाला, "दुखलं नाही ना?" मावशी म्हणाली, "नाही. रात्रीचं सगळं खाल्लं होतं तिने." तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

मग मावशीचीही निवृत्ती आली. निरोप समारंभ चारला होता. साडेतीनला सगळे जमले, हार आला, साहेब आले, मावशीचा पत्ता नाही. ती संध्याकाळच्या बादल्या भरत होती. शेवटी डॉक्टरीणबाई हाताला धरून घेऊन आली. भाषणं झाली. साळिंदराच्या राखणदाराने साळिंदराची गोष्ट सांगितली, अस्वलदादा उभा राहिला, दोनदा घसा खाकरला, "बाईंनी मला..." म्हणाला आणि बसला. टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या.

मग साहेब म्हणाले, "मावशी, आता तुम्ही दोन शब्द बोला."

मावशी उठली. समोर शंभरेक माणसं, पहिल्या रांगेत नवरा नवा शर्ट घालून. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं.

"शीतखोलीच्या दाराचं रबर गेलंय," ती म्हणाली. "खालच्या बाजूने गार हवा बाहेर जाते. उन्हाळ्याच्या आत बदलून घ्या, नाहीतर मासळी टिकणार नाही. एवढंच."

आणि ती बसली. सगळं सभागृह हसायला लागलं, साहेबांसकट. मावशीला मात्र हसण्यासारखं काय झालं ते कळेना. तिने शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईला विचारलं, "बदलतील ना गं?"

"उद्याच बदलून घेते, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं रबर बसलं. तसा फोन मावशीच्या घरी गेला तेव्हाच ती दुपारची जरा आडवी झाली.